लेकरांचंही बीपी मोजायचं असतं

(आपल्या महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका निवृत्त आरोग्य सेविकेने केलेलं हे भाषण. ताई आपल्याच एका गटाच्या सदस्य आहेत. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी त्यांनीच ते लिहून दिलं आहे. – संपादक मंडळ)



सभेत सुरुवातीलाच मी दोन प्रश्न विचारले होते. घरी वाचणाऱ्या ताईंनी मनातल्या मनात हात वर करावा. पहिला प्रश्न, गेल्या वर्षभरात तुमचं स्वतःचं बीपी कुणी मोजलं का? सभागृहातले जवळजवळ सगळे हात वर गेले. दुसरा प्रश्न, तुमच्या घरातल्या शाळकरी मुलाचं किंवा मुलीचं बीपी कधी मोजलं का? तीन हात वर आले. एक ताई तर हसून म्हणाल्या, "लेकरांना कुठे बीपी असतं?"

ताई, मला तुमचं हसू आलं नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, आणि तेही नोकरीत असताना. त्याची गोष्ट आधी सांगते, मग कामाचं बोलू.

माझ्या शेजारी एक पोऱ्या राहायचा. चौथीत होता, नऊ वर्षांचा. अंगाने काटकुळा. सकाळी उठला की डोकं धरून बसायचा, मधूनच उलटी करायचा. त्याची माय म्हणायची, "त्याले शायेचा कंटाया आला वं." आम्हाला सगळ्यांनाच ते पटायचं. उन्हाळ्यात त्याचा घोळणा फुटायचा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसला जातो. डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगायला दिला, झालं. पुढे फळ्यावरचं दिसत नाही म्हणाला, तेव्हा चष्मा केला. दृष्टही काढली. सगळं केलं, फक्त बीपी मोजलं नाही.

पाचवीत असताना त्याला वर्गातच झटका आला. जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे बीपी निघालं १८० आणि ११०. एवढं तर मी म्हाताऱ्या माणसांतही क्वचित पाहिलं होतं. सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, एक किडनी आक्रसून लहान झालेली आहे. तान्हा असताना त्याला वारंवार ताप यायचा, लघवी करताना रडायचा. ते लघवीचं इन्फेक्शन होतं. त्यातून किडनीला इजा झाली आणि किडनीमुळे बीपी वाढलं.

पोरगा वाचला. आज बारावीला आहे, रोज गोळी घेतो, सायकल चालवतो. पण मला एक गोष्ट विसरता येत नाही. त्या सगळ्या काळात बीपीचं मशीन माझ्या पिशवीत होतं. त्याच्या घरात मी त्याच्या आजीचं बीपी मोजायला दर महिन्याला जायचे, तो शेजारी बसून बघायचा. त्याच्या दंडाला पट्टा बांधावा असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

म्हणून हा विषय.

आता बीपी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. केळीच्या बागेत ठिबक असतं ना, तसं समजा. मोटर पाणी ढकलते आणि नळीवर दाब येतो. हृदय ही मोटर, रक्तवाहिन्या ह्या नळ्या. हृदय आवळतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा खालचा आकडा. दाब फार वाढला तर ठिबकचा जोड सुटतो, ते आपल्याला दिसतं. शरीरात मात्र आतल्या आत मेंदू, डोळे, किडनी, हृदय यांवर ताण पडत राहतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. बहुतेक मुलांना बीपी वाढलेलं असताना काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून चेहऱ्याकडे बघून, नाडी धरून, "लालबुंद दिसतो" म्हणून बीपी ओळखता येत नाही. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

ही काही शहरातल्या, गाडीतून फिरणाऱ्या मुलांचीच गोष्ट नाही. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ मध्ये लहान मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींचं बीपीही मोजलं. शंभरात साधारण पाच जणांचं जास्त निघालं. तुमच्या गावच्या शाळेत दोनशे मुलं असतील तर हिशेब तुम्हीच करा. बचतीचा हिशेब करता तसाच.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे आणि आपण आया असल्यामुळे ती ऐकायलाच हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांना ती आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. डॉ. बावडेकर, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी ते काम १९९९ साली छापलं. त्यांना दिसलं की एकाच वयाच्या, आज सारख्याच वजनाच्या दोन मुलांत जे जन्माला येताना कमी वजनाचं होतं, त्याचं वरचं बीपी जास्त असण्याकडे कल होता. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला? जन्मताना लहान, पण आठव्या वर्षी अंगाने मोठं झालेल्याला. आपण काय करतो? बाळ दोन किलोचं जन्मलं की पुढे त्याला भरवून भरवून गुटगुटीत करतो आणि मग बिनधास्त होतो. अशा मुलाचं बीपी तर मोजायलाच हवं. बाळाचं जन्मवजन तुमच्या माता-बाल कार्डावर लिहिलेलं असतं. अडीच किलोच्या आत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलं असेल तर तेही सांगा.

आता मोजायचं कसं? इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून नीट वाचा.

पहिली गोष्ट पट्टा. आपल्या गटांतल्या शिलाईवाल्या ताईंना हे लगेच कळेल. मोठ्या माणसाचं ब्लाऊज लहान मुलीला चालत नाही, तसाच मोठ्या माणसाचा पट्टा लहान मुलाच्या दंडाला चालत नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेपने दंडाचा घेर घ्या, जसा अंगणवाडीताई लहान बाळाचा घेतात. पट्ट्याच्या आत जो रबरी फुगा असतो, त्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निम्म्याला थोडी कमी, म्हणजे किमान चाळीस टक्के हवी. लांबी अशी हवी की दंडाभोवती जवळजवळ पूर्ण फिरेल. दंड २० सेंटिमीटर असेल तर फुगा किमान ८ सेंटिमीटर रुंद आणि १६ ते २० लांब. घरी वापरायच्या बऱ्याच मशीनच्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. तो पट्टा १८ सेंटिमीटरच्या दंडाला लावला की आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो आणि आजार लपतो. उलट जाड दंडाला तोकडा पट्टा आवळला की आकडा उगाच जास्त येतो. म्हणून मोजणाऱ्याला विचारायला लाजू नका, "पट्टा लहान मुलांचा आहे का हो?"

दुसरी गोष्ट बसणं. मूल धावून, खेळून, रडून आलेलं नको. अर्धा तास आधी चहा नको. लघवीला जाऊन आलेलं असावं. पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, कुणी त्याच्याशीही बोलायचं नाही.

तिसरी गोष्ट हात कोणता? उजवा. त्याला कारण आहे. काही मुलांच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासून एका जागी अरुंद असते. उजव्या हाताची फांदी त्या अरुंद जागेच्या आधीच फुटते. डाव्या हातावर मोजलं तर आकडा फसवू शकतो. अशा मुलाचं हातांचं बीपी जास्त आणि पायांचं कमी निघतं. म्हणून आकडा जास्त आला की डॉक्टर पायाचंही बीपी मोजतात, जांघेतली नाडी बघतात. ते उगाच करत नाहीत, करू द्या.

आता आकडे. मोठ्यांचं १४०–९० सगळ्यांना पाठ असतं. ते मुलांना लावायचं नाही. लहान मुलाचं बीपी मुळातच कमी असतं, आणि वय, उंची, मुलगा की मुलगी यावर ते बदलतं. त्यासाठी डॉक्टरांकडे मोठा तक्ता असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये तो नव्याने केला. त्यातले लक्षात राहतील असे थोडे आकडे सांगते. सात वर्षांच्या मुलाचं १०६–६८, आठ वर्षांच्या मुलाचं १०७–६९, दहा वर्षांच्या मुलाचं १०८–७२. यातला एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर आजार ठरत नाही, पण तक्ता उघडून नीट बघायची वेळ आली असं समजा. म्हणजे आठ वर्षांच्या पोराचं १२४–८२ आलं तर "छान, अगदी नॉर्मल" म्हणून सोडायचं नाही. मोठ्याचं ते थोडंसंच वर गेलेलं बीपी, पण त्या पोरासाठी खूप जास्त.

तेराव्या वर्षापासून हिशेब सोपा होतो. १२०–८० च्या आत चांगलं. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत, तर थोडं वाढलेलं. खाणं आणि खेळणं सुधारून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. १३०–८० किंवा जास्त आलं तर एक-दोन आठवड्यांत पुन्हा मोजायचं, तरीही तसंच असेल तर तीन महिन्यांनी. १४०–९० किंवा जास्त आलं तर आठवड्याच्या आत डॉक्टर.

आता दुसरी गोष्ट सांगते, पहिलीच्या अगदी उलटी. आमच्या भागातली एक मुलगी, नववीत, चौदा वर्षांची, कबड्डीत पुढे. शाळेत शिबिर होतं. ही मैदानावरून धावत आली, रांगेत मैत्रिणींशी हसत उभी राहिली, उभ्या उभ्याच पट्टा बांधला. आकडा आला १३८–८८. कागदावर लिहिलं, "बीपी जास्त." बस. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की अमक्याच्या पोरीला बीपी आहे. आजीने कबड्डी बंद केली. मावशी म्हणाली, हे बाहेर सांगू नका, पुढे सोयरीक जमायला अडचण होईल. आणि बापाच्या बीपीच्या गोळीतली अर्धी गोळी तिला रोज सुरू केली. आठव्या दिवशी नळावर पाणी भरताना पोरगी चक्कर येऊन पडली.

तिची आई माझ्याकडे रडत आली. गोळी आधी बंद करायला लावली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी महिनाभरात तीन वेळा बोलावून, बसवून, योग्य पट्ट्याने मोजलं. ११८–७४, ११२–७०, ११४–७२. पोरीला काहीही नव्हतं. आज ती परत मैदानावर आहे, पण गल्लीतली कुजबुज थांबायला वर्ष गेलं.

म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवा. न मोजता "काही नाही" म्हणायचं नाही, आणि एकदा मोजून "बीपी आहे" म्हणायचं नाही. पहिला आकडा जास्त आला तर त्याच वेळी थोडं थांबून अजून दोनदा मोजतात आणि त्या दोन्हींची सरासरी धरतात. मग वेगवेगळ्या दिवशी, तीन भेटींत जास्तच आलं, तर डॉक्टर आजार आहे म्हणतात. डिजिटल मशीनवर जास्त आलं तर डॉक्टर कानात नळी लावून, हाताने हवा भरायच्या मशीनवर खात्री करतात. काही मुलांचं दवाखान्याच्या भीतीनेच वाढतं, घरी बरोबर असतं. ते ओळखायला मोठ्या दवाखान्यात चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन असतं. आणि घरातल्या मोठ्यांची गोळी मुलाला कधीही, अर्धीसुद्धा, द्यायची नाही.

आजार ठरला की डॉक्टर कारण शोधतात. मूल जेवढं लहान आणि आकडा जेवढा मोठा, तेवढी आत काहीतरी दडलेलं असण्याची शक्यता जास्त, बहुतेक वेळा किडनीचं. म्हणून लघवीची तपासणी, किडनी कशी चालते त्याची रक्ततपासणी, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा इको सांगतात. वयात आलेल्या मुलामुलींत मात्र वाढलेलं वजन, बसून राहणं, खारट खाणं आणि घराण्यात बीपी असणं ही कारणं जास्त दिसतात. मूल आधीपासून काही औषध घेत असेल, विशेषतः बरेच दिवस स्टेरॉइड किंवा कुठून आणलेल्या पुड्या, तर ते लपवू नका. त्यानेही बीपी वाढतं.

तीन भेटींची वाट कधी बघायची नाही, तेही सांगते. मुलाला झटका आला, डोकं फुटेल असं दुखून उलट्या होत आहेत, अचानक अंधुक दिसतंय, धाप लागते आहे, बरळतंय किंवा गुंगीत आहे, तर १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणखी एक चित्र खेड्यात नेहमी दिसतं. अंगावर खरजेच्या पिकलेल्या पुळ्या येतात किंवा घसा दुखून ताप येतो. ते बरं होतं. दोन-तीन आठवड्यांनी सकाळी उठल्यावर तोंड, डोळ्यांखाली सूज, लघवी कमी आणि चहासारखी किंवा तांबूस. आपण म्हणतो, उष्णता झाली. ही किडनीची सूज असते, बीपी झपाट्याने वाढू शकतं. सब्जाचं पाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी बीपी आणि लघवी तपासून घ्या. वेळेत उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

आता पैशाचा प्रश्न. मोजायला पैसे लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक, म्हणजे दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषध निर्माता, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. शाळकरी मुलांच्या कार्डावर वजन, उंची यांच्याबरोबर बीपीचीही जागा असते. ती जागा कोरी आहे का, हे बघायचा हक्क आईला आहे. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजून मिळतं. तीन वर्षांच्या पुढे प्रत्येक मुलाचं वर्षातून एकदा. मूल जाड असेल, किडनीचा, हृदयाचा आजार किंवा साखर असेल, तर दवाखान्यात जाल त्या प्रत्येक वेळी.

आपल्या गटांसाठी माझ्या चार विनंत्या आहेत. अंतुर्लीपासून कुऱ्ह्यापर्यंत प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत त्या घ्याव्यात.

१. शाळेत तपासणी पथक कोणत्या दिवशी येणार ते मुख्याध्यापकांना विचारून बैठकीच्या वहीत लिहा. त्या दिवशी गटातल्या दोन ताईंनी शाळेत थांबावं, मुलांना आधी पाच मिनिटं शांत बसवावं.

२. ग्रामसंघाच्या आरोग्य निधीतून किंवा ग्रामपंचायतीकडे मागणी करून लहान मुलांच्या मापाचे दोन वेगवेगळे पट्टे आरोग्य केंद्राला मिळवून द्या.

३. ज्या मुलाचा आकडा जास्त येईल त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीची तारीख गटाने लक्षात ठेवावी, कर्जाच्या हप्त्याची ठेवतो तशी. पण नाव गटाच्या बाहेर जाऊ नये. त्या कबड्डीवाल्या मुलीची आठवण ठेवा.

४. हे जरा अवघड आहे, कारण आपल्या पोटाशी निगडित आहे. आपले गट पापड, बिबडे, लोणचं, केळीचे वेफर्स करतात. विक्री बंद करा असं मी म्हणणार नाही, माझाही गट करतो. पण घरच्या पोरांच्या हातात रोज तुटकं-फुटकं उरलेलं पाकीट जातं, ते थांबवा. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅमच्या वर, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या वर मीठ नको. लहान मुलाला त्याहून कमी. डब्यात वेफर्सऐवजी आपल्या बागेतलं पिकलं केळंच द्या.

सभा संपल्यावर तो बारावीतला पोरगा मला घ्यायला आला होता. ज्या ताई "लेकरांना कुठे बीपी असतं" म्हणाल्या होत्या, त्यांनी त्याला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझी नात सहावीत आहे. तिला कधी आणू?"

मी म्हटलं, "उद्याच आणा. धावत आणू नका, सावकाश आणा. आणि पट्टा लहान आहे का, ते आधी मला विचारा."

तुम्हीही विचारा.